नोकर, गुलाम आणि जमिनीचा कागद

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या सदरात अलीकडेच अमेरिकेतल्या काळ्या लोकांविषयी एक पत्र आले होते. त्यातला मुद्दा थोडक्यात असा : अमेरिकेत आधी गोरेच गुलाम होते, आयर्लंडमधून लाखोंनी नेले होते, तिथला पहिला गुलाममालक तर स्वतःच काळा होता, आपल्या कोकणातली माणसेही मॉरिशसला मजूर म्हणून गेली आणि आज तिथे मानाने राहतात, मग गुलामी संपून दीडशे वर्षे झाली तरी काळ्यांचे रडगाणे का चालू? चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला घरी जमलेल्या मंडळींत हे पत्र मोठ्याने वाचले गेले. भावाला ते पटले, सुनेला मुळीच पटले नाही, आणि माटोळीच्या कांगल्या-काकड्या बाजूला राहून वाद रंगला. मी त्यात पडलो नाही. समोरासमोर वाद घालण्यापेक्षा टिपण लिहून वर पाठवायची मला जुनी सवय आहे.

ती सवय नोकरीची. मी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आयुष्य कुळांच्या आणि मुंडकारांच्या, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांच्या, फायलींत गेले. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे, पण माणूस कोण आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरत नाही, त्याच्याविषयीच्या कागदावरून ठरते, हे मी रोज पाहिले आहे. माझा भाचा अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रिचमंड शहराजवळ राहतो. त्याच्याकडे राहिलो तेव्हा बाकीची मंडळी मॉल बघत असत आणि मी तिथल्या वाचनालयात व्हर्जिनियाचे जुने कायदे वाचत बसे. ते वाचल्यावर पत्रलेखकांच्या एकेका विधानाला उत्तर द्यावेसे वाटते.

आधी गोऱ्या नोकरांचे. त्यांचे हाल झाले हे अगदी खरे आहे आणि ते कोणी लपवलेलेही नाही. इंग्लंडमधल्या ज्या तरुणाजवळ जहाजाचे भाडे नसे तो करारावर सही करी, किंवा अंगठ्याची खूण. भाडे दुसऱ्याने भरायचे, त्याबदल्यात याने साधारण चार ते सात वर्षे राबायचे. एकाच कागदावर दोन प्रती लिहीत आणि मधून करवती दातांसारखा कापून एकेक प्रत दोघांना देत, म्हणजे पुढे तंटा झाला तर दोन्ही तुकडे जुळवून बघता येत. (खोट्या प्रतींनी जन्मभर डोके खाल्लेल्या कारकुनाला ही युक्ती फार आवडली.) तिकडे पोचल्यावर तो करार विकता येई, म्हणजे एका अर्थी माणूसच विकला जाई. मालकाला फटके मारायचा अधिकार होता. पळून गेला आणि सापडला तर जितके दिवस पळाला त्याच्या दुप्पट दिवस मुदत वाढे. नोकर बाई गरोदर राहिली तर तिचीही मुदत वाढे, मग त्याला कारण मालक स्वतः का असेना. हिवतापाने आणि कामाने मुदत संपण्याआधीच मेलेले तर किती तरी. १७१८ च्या कायद्यानंतर इंग्लंडने शिक्षा झालेले कैदीसुद्धा असेच पाठवले, अमेरिकन क्रांतीपर्यंत सुमारे पन्नास हजार. आयर्लंडमधूनही, सतराव्या शतकातला इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या काळात, हजारो माणसे जबरदस्तीने वेस्ट इंडिजला धाडली गेली. हजारो म्हणा, लाखोंचा आकडा मात्र निराधार आहे.

पण त्या प्रत्येक कागदावर एक तारीख होती. ती आली की माणूस मोकळा. नुसता मोकळा नव्हे. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्याने मुदत संपलेल्या पुरुष नोकराला दहा बुशेल (बुशेल हे धान्याचे माप) मका, तीस शिलिंग आणि वीस शिलिंग किमतीची बंदूक मालकाने द्यायची होती. बाईला पंधरा बुशेल मका आणि चाळीस शिलिंग. मालक छळत असेल तर नोकराला न्यायाधीशाकडे तक्रार करता येई. आणि सर्वांत मोठी गोष्ट, त्याची मुले जन्मतः स्वतंत्र.

आता दुसरा कागद. १६१९ च्या ऑगस्टअखेर व्हर्जिनियात पॉइंट कम्फर्ट इथे ‘व्हाइट लायन’ नावाचे इंग्रजी लुटारू जहाज लागले आणि त्याने ‘वीस आणि काही’ आफ्रिकन माणसे अन्नधान्याच्या बदल्यात उतरवली. ही माणसे मूळची अंगोलाकडची. लुआंडाहून मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला निघालेल्या ‘सांव जुआंव बाप्तिस्ता’ या पोर्तुगीज जहाजात साडेतीनशेच्या आसपास माणसे कोंबली होती, त्यांतली काही या लुटारूंनी वाटेत पळवली. मी ती जागा पाहून आलो. तिथे आता मन्रो किल्ला आहे आणि माहितीच्या फलकावर पोर्तुगाल हे नाव वाचून मी थबकलो. त्या वर्षी लुआंडाचा आणि जुन्या गोव्याचा राजा एकच होता. फोंड्याकडचे आम्ही तेव्हा आदिलशाहीत, म्हणून आमचे हात स्वच्छ असे समजायचे असेल तर समजावे.

सुरुवातीला या आफ्रिकन लोकांचा दर्जा काय हे व्हर्जिनियात कुठल्या कायद्यात लिहिलेले नव्हते. काही जण पुढे मोकळेही झाले. म्हणजे दोन्ही रंगांची माणसे एकाच तंबाखूच्या शेतात, एकाच मालकाच्या चाबकाखाली होती. मग रस्ते वेगळे झाले कुठे? १६४० साली एका मालकाकडून तीन नोकर मेरीलँडमध्ये पळाले : एक डच, एक स्कॉटिश आणि जॉन पंच नावाचा एक आफ्रिकन. तिघे पकडले गेले. तिघांनाही तीस-तीस फटके. दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढली. जॉन पंचला न्यायालयाने मरेपर्यंत राबायची शिक्षा दिली. गुन्हा एक, दिवस एक, वाटही एकच. निकालपत्रात त्याच्या बाबतीत वेगळे काय होते तर त्याचा रंग.

यानंतरचे कायदे मी ओळीने वाचले आणि प्रत्येक कायदा म्हणजे आधीच्या कायद्यातली एक फट बुजवणे आहे असे दिसले. १६५६ साली एलिझाबेथ की नावाच्या बाईने न्यायालयात स्वातंत्र्य मिळवले. तिचा बाप इंग्रज होता, आई आफ्रिकन, आणि इंग्रजी रिवाजाप्रमाणे मूल बापाच्या दर्जाचे. सहाच वर्षांत, १६६२ मध्ये, विधिमंडळाने ठरवले की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. याचा अर्थ काय होतो हे वाचकांनी सावकाश समजून घ्यावे. मालकाने आपल्या गुलाम बाईवर बळजबरी केली तर त्यातून होणारे मूल ही त्याची मालमत्तेतली भर. पाप आणि नफा एकाच नोंदीत. १६६७ मध्ये ठरले की बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटत नाही. आणि १७०५ मध्ये, ज्या वर्षी गोऱ्या नोकराला मका आणि बंदूक देण्याचे ठरले त्याच वर्षी, गुलाम हे स्थावर मालमत्ता समजावेत असा कायदा झाला. स्थावर! जंगम नव्हे. घर, भाट (बागायत), माड आणि माणूस एकाच रकान्यात. आयुष्यभर जमिनीच्या नोंदी, मात्रीजचे उतारे आणि एक-चौदाचे नमुने, चाळले, पण वारसाहक्कात माणूस जमिनीसारखा उतरतो ही कल्पना मला वाचतानासुद्धा सहन झाली नाही.

आता तो ‘पहिला काळा गुलाममालक’. पत्रलेखकांनी नाव दिलेले नाही, पण तो अँथनी जॉन्सन असावा. १६२१ मध्ये तो ‘आंतोनियो’ म्हणून व्हर्जिनियात आला, कष्टाने मोकळा झाला, १६५१ मध्ये अडीचशे एकर जमीन त्याच्या नावावर झाली, आणि १६५५ मध्ये जॉन केझर या काळ्या माणसावरचा त्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला हेही खरे. पण फाईल अर्धी वाचून शेरा मारू नये. पुढची पाने अशी आहेत : १६७० मध्ये जॉन्सन वारला आणि व्हर्जिनियाच्या पंचांनी निकाल दिला की तो निग्रो होता, म्हणून परका होता, म्हणून त्याच्या मागे राहिलेली जमीन राजाकडे जाते. मुले होती, नातवंडे होती. एकाच माणसाच्या आयुष्यात दार उघडे होते आणि ते बंद झाले, त्याचा हा नोंदलेला पुरावा आहे. पत्रलेखकांनी तो स्वतःच्या बाजूने सादर केला याची गंमत वाटते.

मॉरिशसचे उत्तर लहान आहे. १८३४ पासून तिथे कंत्राटी मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी बांधवही होते, आणि त्यांनी फार सोसले. पण त्यांच्या हाती कंत्राट होते, त्याला मुदत होती, ती संपल्यावर पुष्कळांनी जमिनीचे तुकडे विकत घेतले. आपल्या मराठी माणसाचे कर्तृत्व मी कमी करत नाही. त्याला मुदतीचा कागद मिळाला होता एवढेच म्हणतो.

एवढ्यावर पत्रलेखक म्हणतील, बरे, गुलामी वाईट होती, पण ती १८६५ मध्ये संपली ना? मला खरे लिहायचे आहे ते इथून पुढचे.

१८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. यादवी युद्ध संपत आले तेव्हा, १२ जानेवारी १८६५ च्या रात्री, जॉर्जियातल्या सव्हाना शहरात केंद्र सरकारच्या सैन्याचे जनरल शेरमन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना भेटीला बोलावले. या बैठकीचे टिपण उपलब्ध आहे आणि ते ज्या कोणी लिहिले त्या कारकुनाला माझा नमस्कार. प्रत्येकाचे नाव, वय, जन्म कुठला, गुलाम होता की नाही, कधी सुटला, सगळे ओळीने नोंदले आहे. बाकीच्यांच्या वतीने बोलायला त्यांनी गॅरिसन फ्रेझरला निवडले. वय ६७. आठ वर्षांपूर्वी त्याने स्वतःला आणि बायकोला एक हजार डॉलर सोन्याचांदीत मोजून विकत घेतले होते. त्याला विचारले, तुम्ही स्वतःचा सांभाळ कसा कराल? त्याने उत्तर दिले, जमीन मिळावी, ती आम्ही आमच्या कष्टाने कसू आणि वेळ येईल तेव्हा विकतही घेऊ. शाळा नाही मागितली, मत नाही मागितले, सूडही नाही. गोव्यातल्या कुठल्याही कुळाला विचारले असते तर त्यानेही हेच सांगितले असते.

चारच दिवसांनी शेरमनचा हुकूम निघाला. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनपासून फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटे आणि किनारपट्टी, पळून गेलेल्या मळेवाल्यांची, मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. जूनपर्यंत चाळीस हजार माणसे सुमारे चार लाख एकरांवर बसली होती. नांगरणी झाली, पिके उभी राहिली.

मात्र त्यांना जो कागद दिला तो ताब्याचा होता, मालकीचा नव्हता. आमच्या खात्यातला कुठलाही माणूस हे वाचून डोक्याला हात लावील. ताबा आहे, पीक आहे, सरकारी माणसाची सही आहे आणि नोंद नाही! लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला, त्याने मे महिन्यात बंडखोर मळेवाल्यांना माफी जाहीर केली, आणि माफीबरोबर जमीनही परत. ऑक्टोबरमध्ये मुक्त माणसांच्या कल्याणासाठीच नेमलेला अधिकारी जनरल हॉवर्ड दक्षिण कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर आला, चर्चमध्ये लोकांना जमवले आणि सांगितले की जमिनी सोडा, जुन्या मालकांशी मजुरीचे करार करा आणि त्यांना क्षमा करा. हॉवर्ड माणूस वाईट नव्हता. युद्धात त्याचा उजवा हात गेला होता आणि हा निरोप सांगताना त्याला यातना झाल्या असे दिसते. बेटावरच्या लोकांनी तीन जणांची समिती नेमली, हेन्री ब्रॅम, इश्मेल मोल्ट्री आणि येट्स सॅम्प्सन, आणि त्यांनी हॉवर्डला अर्ज लिहिला. 

हजारो अर्ज माझ्या टेबलावरून गेले आहेत. असा अर्ज मी पाहिलेला नाही. शुद्धलेखन मोडके, पण युक्तिवाद वकिलाला लाजवील. त्याचा आशय असा : तुम्ही आम्हाला क्षमा करायला सांगता. तुमचा लढाईत फक्त उजवा हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला विवस्त्र करून मारले, जो आजही त्याची शेती त्याच्याच दराने केली नाही तर मला त्याच्या रिकाम्या झोपडीत राहू देत नाही, आणि माझी स्वतःची जमीन असेल तर मी त्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही हे पक्के ठाऊक असल्यामुळेच जो इतरांशी संगनमत करून मला जमीन मिळू देत नाही, त्या माणसाला मला नीटशी क्षमा करता येत नाही.

यातले शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. जमीन असेल तर माणूस हातचा जातो. हे मळेवाल्यालाही कळत होते आणि अर्जदारालाही.

अर्ज फेटाळला गेला.

आता मुंडकाराविषयी लिहिणे भाग आहे. आपल्याकडच्या मुंडकाराला मी गुलाम म्हणणार नाही; तो विकला जात नव्हता, त्याची मुले हिरावली जात नव्हती. पण भाटकाराच्या भाटात घर, त्याबदल्यात माडांची राखण, घरच्या कार्याला राबणूक, आणि भाटकाराची मर्जी गेली की घरही गेले, ही रीत गोव्यात म्हाताऱ्या माणसांना आठवते. १९६१ नंतर आपल्याकडे काय झाले? १९६४ मध्ये कूळ कायदा आला. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढायला बंदी झाली, आणि ते घर भोवतालच्या जागेसह, पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क मिळाला. १९७६ च्या दुरुस्तीने कसणारे कूळ मालक मानले गेले. या कायद्यांच्या अंमलबजावणीचे धिंडवडे मी आतून पाहिले आहेत. तारखांवर तारखा, मधल्या काळात मूळ अर्जदार वारलेला, मग वारसांची यादी, त्यातला एक मुंबईत, एक पोर्तुगालात. ‘हा आमचा पगारी नोकर, मुंडकार नव्हेच’ हा भाटकाराचा ठरलेला जबाब, कारण पगारी घरगड्याला कायदा लागू होत नाही. तीस-तीस वर्षे अर्ज पडून राहिलेले मी पाहिले. तरीसुद्धा अर्ज करायला कायदा होता. नाव चढले की भाटकार येऊन उतरवू शकत नव्हता. माझ्या गावातल्या ज्या घरांची नावे चढली त्यांची मुले आज बँकेचे कर्ज काढून गॅरेज चालवतात, बोटीवर जातात, आणि भाटकारासमोर खुर्चीत बसतात. अमेरिकेत काळ्या माणसाचे नाव चढायच्या आधीच नोंदवही बंद केली गेली.

आणि पुढे ती बंद राहावी याची तजवीज झाली. १८६५ च्या शेवटी मिसिसिपी राज्याने कायदा केला : काळ्या माणसाने शहराबाहेर जमीन भाड्यानेसुद्धा घ्यायची नाही, आणि दर जानेवारीत आपल्याला कुणाकडे काम आहे याचा लेखी पुरावा दाखवायचा. नसेल तर तो भटक्या, भटक्याला दंड, दंड भरता आला नाही तर जो भरील त्याच्याकडे राबणे. गुलामी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते सोडून’ असा एक तुकडा आहे, त्या तुकड्यातून ट्रकच्या ट्रक जातील एवढी वाट निघाली. कैदी खाणींना आणि मळ्यांना भाड्याने दिले जात. अलाबामात हे १९२८ पर्यंत चालले. जे कैदी नव्हते ते बटाईने शेती करत. बियाणे मालकाचे, दुकान मालकाचे, वही मालकाची, आणि वर्षाअखेर वहीत काय निघाले हे विचारायची सोय नाही. 

नुकसानभरपाई मात्र दिली गेली, पण ती कुणाला हे सांगितले पाहिजे. १८६२ मध्ये वॉशिंग्टन राजधानीतले गुलाम मुक्त केले तेव्हा सरकारने माणशी तीनशे डॉलरपर्यंत रक्कम दिली, ती मालकांना. मुक्त झालेल्या माणसाला शंभर डॉलरपर्यंत मिळणार होते, देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जायला तयार असेल तर.

१८९६ च्या प्लेसी खटल्यातला, काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवायला मुभा देणारा ‘वेगळे पण समान’ हा निकाल, १९५४ मध्ये शाळांच्या खटल्यात तो मोडणे, १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदानाचा कायदा, हे शाळेच्या पुस्तकात असते म्हणून इथे लांबण लावत नाही. कमी माहीत असलेले सांगतो. १९३५ मध्ये अमेरिकेत म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. दक्षिणेतले बहुसंख्य काळे नेमके याच दोन कामांत होते. १९३० च्या दशकात घरकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल झाल्या. लाल भागात कर्जाला सरकारी हमी मिळेना. आणि जिथे कर्ज मिळे तिथल्या घरांच्या खरेदीखतातच कलम असे की हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकू नये.

हे कलम मी डोळ्यांनी पाहिले आहे. भाच्याने घर घेतले तेव्हा त्याला जुन्या खतांची चळत मिळाली होती. सवयीने मी ती मागून घेतली आणि चष्मा लावून बसलो. त्यात ते होते : गोऱ्या वंशाखेरीज कुणी या घरात राहू नये, अपवाद घरातल्या नोकरांचा. १९४८ च्या निकालाने असली कलमे न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत आणि १९६८ पासून ती बेकायदेशीरच आहेत, पण जुन्या कागदावरची शाई कोण पुसणार? भाचा आधी हसला. मग मी त्याला सांगितले की १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस गोरा नव्हे असे ठरवले होते. म्हणजे हे खत झाले तेव्हा तू या घरात राहू शकला असतास तो स्वयंपाकघरात, नोकर म्हणून. मग मात्र तो गप्प झाला. आजही आपली कितीतरी मंडळी तिकडे जाऊन स्वतःला त्या कलमाच्या वरच्या बाजूला समजतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

घर हेच तिकडच्या मध्यमवर्गाचे संचित. ते बापाकडून मुलाला जाते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या (मालमत्तेप्रमाणे ओळीने लावले तर मधोमध येणाऱ्या) गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर भरली आणि मधल्या काळ्या कुटुंबाची ४४,९००. पत्रलेखकांना हे रडगाणे वाटते. मला ती वारसनोंद वाटते.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या भल्या लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल, अर्पण केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी, शरण आलेल्यांसकट, डझनांनी काळे मारले गेले होते, आणि चारच वर्षांत केंद्र सरकारने दक्षिणेतले लष्करी संरक्षण काढून घेतले. पुण्यात बसून ही वार्ता मिळणे कठीण होते. फुल्यांनी ओळखले ते बरोबर ओळखले, की दोन्हीकडचे दुखणे एका जातीचे आहे. आपल्याकडे मात्र त्यांची अर्पणपत्रिका वाचून लोक समजतात की अमेरिकेतला प्रश्न १८६५ मध्येच निकाली निघाला.

आता थोडे आपल्या अंगणातले. सोळाव्या शतकात, १५८३ पासून पाच वर्षे, लिन्सकोटन नावाचा डच तरुण जुन्या गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. रुआ दिरैत या रस्त्यावर रोज सकाळी लिलाव चाले आणि त्यात अरबी घोड्यांबरोबर माणसेही विकली जात, हे त्याने लिहून ठेवले आहे. मोझांबिकहून आणलेले खापरी, म्हणजे आफ्रिकन गुलाम, गोव्यातल्या श्रीमंत घरांत पालख्या उचलत, पाणी भरत. पोर्तुगालने आपल्या वसाहतींतली गुलामी १८६९ मध्ये कागदोपत्री रद्द केली, म्हणजे अमेरिकेनंतर चार वर्षांनी, आणि तेव्हाही सुटलेल्यांनी १८७८ पर्यंत जुन्या धन्याकडेच राबायचे अशी अट घातली. त्या माणसांची इथे जमीन झाली का, घर झाले का, पोरेबाळे कुठे मिसळली? अमेरिकेतल्या काळ्यांना जाब विचारणाऱ्या गोंयकाराने कधीतरी हाही प्रश्न विचारावा. पणजीच्या पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज काळातली गुलामांविषयीची कागदपत्रे आहेत. आपल्या दैनिकाने एखाद्या पोर्तुगीज जाणणाऱ्या तरुण अभ्यासकाला बसवून त्यावर लेखमाला करावी अशी माझी विनंती आहे. मी वाचक म्हणून पहिला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, म्हार्दोळ

ता. क. : पत्र फार लांबले याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचे झाल्यास कायद्यांची साले कापावीत, मॉरिशसही कापावे, भाच्याचे घर कापले तरी चालेल. एडिस्टो बेटाच्या अर्जाला मात्र कात्री लावू नये. तो एकदा फेटाळून झाला आहे.